अंबाबाईच्या हातचा वस्तरा

मित्रांनो, मी घरात नाही हे सगळ्यांना कळलं ते अंबाबाईच्या दहाव्याच्या दिवशी.

डिंभे धरणाच्या काठावर भावकी जमली होती. घोडेगावहून रामनाथ न्हावी मोटारसायकलवर आला होता. अंबाबाईचा नवरा चिमाजी एका दगडावर मान खाली घालून बसला. रामनाथने खिशातून ब्लेडचं पाकीट काढलं, तेव्हा चिमाजीने मान वर केली.

"थांब. घरचा वस्तरा हाये. गोरख, तुझ्या आईच्या फणीच्या डब्यात आसंल. घिऊन ये."

गोरख त्याचा मुलगा. तो जागचा हलला नाही. त्याने आपल्या चुलतीकडे, साळुबाईकडे पाहिलं. साळुबाई म्हणजे चिमाजीची थोरली भावजय. तिचं घर चिमाजीच्या घरासमोर, मध्ये एकच अंगण.

"भावजी," साळुबाई म्हणाली, "डबा तिच्या कपड्यांसंगं गेला पाण्यात. तिसऱ्या दिशीच."

"डबा गेला ते ठीक. वस्तरा कुठंय?"

"वस्तरा डब्यातच व्हता. मी उघडून बघितला की. म्हणलं, तिचाच तर हाये. तुमच्या हातात त्यो कुणी कधी बघितलाय?"

ती खोटं बोलत नव्हती. गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण, फणी असं सगळं आमच्याकडे पाण्यात सोडतात. मला लोकांनी अंबाबाईच्या फणीत आणि बांगड्यांत मोजलं. नवऱ्याचा वस्तरा बायकोची वस्तू म्हणून पाण्यात जाण्याची गोष्ट दुसऱ्या कुठल्या गावात झाली असेल असं मला वाटत नाही.

चिमाजीने डोकं करू दिलं. दाढीवर मात्र त्याने हात ठेवला.

"हिला हात लावायचा न्हाई. वस्तरा घावंल तवाच काढीन. त्यानंच काढीन."

"आरं, पाण्यात गेलेली वस्तू कशी घावायची?" भावकीतलं कुणीतरी म्हणालं.

"उन्हाळ्यात पाणी उतरतं." मग तो साळुबाईकडे वळला. "आन वहिनी, आजपासून माझ्याशी बोलू नका."

हे चाललं होतं तेव्हा मी तिथून हाकेच्या अंतरावर, पाण्याखाली, दगड बांधलेल्या बोचक्यात होतो.

मी वयाने चिमाजीपेक्षा मोठा आहे, म्हणून त्याला अरेतुरे करतो. राग मानू नका. माझं पातं लांबच्या देशात घडलं. त्यावर परकी अक्षरं होती. ती आमच्या गावात कुणाला वाचता आली नाहीत आणि पुढे घासून गेली. मूठ म्हशीच्या शिंगाची होती, काळी, दोन बाजूंची, मध्ये पातं मिटायचं. मी पहिल्यांदा सयाजी नानाच्या धोकटीत होतो. सयाजी नाना चिमाजीच्या जुन्या गावचा न्हावी. घरोघर जाऊन दाढी करायची आणि सुगीला भात न्यायचं, असं त्याचं काम होतं. बाळाचं जावळ, नवरदेवाची दाढी, दहाव्याचं डोकं, सगळं मी केलं. त्या दिवसांत माझं कौतुक करण्याची कुणाला गरज वाटत नव्हती, कारण माझ्यावाचून चालत नव्हतं.

मग धरण झालं. पाणी चढलं आणि गाव उठलं. कुणी वर डोंगराकडे सरकलं, कुणी खाली गेलं. सयाजी नाना मंचरला मुलाकडे निघाला. जाताना त्याने मला चिमाजीच्या हातात दिलं.

"मी गेल्यावर तुमची दाढी कोन करनार? यष्टीचा भरवसा न्हाई हितं. ह्यो ठिवा."

चिमाजीने दुसऱ्याच दिवशी मला हातात धरलं आणि हनुवटी कापून घेतली. अंबाबाई भात निवडत होती. ती हसत उठली आणि तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. ती धरणातले मासे साफ करायची. खवले काढताना कातडीला धक्का लागायचा नाही असा तिचा हात. तिने चिमाजीच्या हनुवटीखाली डाव्या हाताची दोन बोटं लावली, कातडी ताणली आणि दाढी केली. मी पुष्कळ हात पाहिले होते. हा हात मला पहिल्याच वेळी पटला.

पण माझी धार गेली, आणि धार लावणं तिला येत नव्हतं. तेव्हा दोघं मंचरच्या बाजाराला गेली आणि सयाजी नानाच्या दारात जाऊन बसली.

"चिमाजीराव," नाना म्हणाला, "बाईमानसाला वस्तरा शिकवू व्हय मी? उद्या माझंच दुकान बसवंल की ती!"

"न्हाई बसवत नाना," अंबाबाई म्हणाली. "एकच गिऱ्हाईक हाये माझं, आन त्ये बी मान हलवतं."

नाना हसला आणि शिकवायला बसला. त्याने मला दगडावर आडवं ठेवलं. "हे बघ. पाठ आन धार, दोनी दगडाला टेकल्या पाहिजेत. धार पुढं ठिवून सरकवायचा. वळवताना पाठीवर वळवायचा. पाठ उचलली की वस्तरा मेला." अंबाबाईने तिथंच करून दाखवलं. मग चामड्याच्या पट्ट्यावर कसं परजायचं तेही शिकली.

चिमाजी शेजारीच बसला होता. तो चहा पीत होता आणि रस्त्यावरच्या बैलजोडीकडे बघत होता. मित्रांनो, पुढे जो काही त्रास झाला तो सगळा या चहाच्या कपातून निघाला.

पुढची सगळी वर्षं ठरलेलं होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी अंबाबाई ओट्यावर दगड, पट्टा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसायची. समोरच्या ओट्यावर साळुबाई असायची. ती काही ना काही निवडत असायची आणि तिचं तोंड चालू असायचं.

"काय गं न्हाविणी, आज नवऱ्याचं नाक ठेवनार का काढनार?"

"नाक ठेवते जाऊबाई. नाकावरचा राग तेवढा काढते."

"मग दिवसभर पुरंल तुला काम!"

चिमाजी डोळे मिटून बसायचा. तोंडाला साबण असल्यामुळे त्याला बोलता यायचं नाही. घोडेगावात सलून झालं, गोरखने वापरून टाकायचे वस्तरे आणले, तरी तो मलाच बाहेर काढायला लावायचा. काम झालं की अंबाबाई मला पुसायची, खोबरेल तेल लावायची, चिंधीत गुंडाळायची आणि आपल्या फणीच्या डब्यात ठेवायची. मला गंज कसा असतो ते माहीत नव्हतं.

ते मला पाण्यात कळलं. सबंध हिवाळा मी बोचक्यात होतो. तेलाची चिंधी होती म्हणून पातं कसंबसं वाचलं. शिंगाची मूठ फुगली, तिचे पापुद्रे सुटले आणि ती संपली. वैशाखात पाणी उतरलं, चिखल उघडा पडला. चिमाजी त्या जागेवर नजर ठेवूनच होता. ज्या दिवशी बोचकं दिसलं त्या दिवशी तो गुडघाभर गाळात उतरला. त्याने आधी तिचं लुगडं सोडवलं. ते पिळून त्याने खांद्यावर टाकलं. मग डबा उघडला. मला वाटलं होतं की मला पाहून त्याला आनंद होईल. तो म्हणाला, "आरारा. काय झालं हे तुझं."

आता माझी दुरुस्ती सुरू झाली. खरं सांगायचं तर पाण्यात मी जेवढा वैतागलो नव्हतो तेवढा या दुरुस्तीत वैतागलो.

आधी चिमाजीने मला रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं आणि चुलीच्या राखेने घासलं. हे बरोबर होतं. वरचा गंज गेला, खाली काळे खड्डे राहिले. मग चाकणला कंपनीत काम करणारा गोरख सुट्टीला आला. त्याने बापासाठी चार्जिंगचं दाढीचं मशीन आणलं होतं. चिमाजीने ते खोक्यातून न काढता फळीवर ठेवलं.

"बरं, ते नको तर राहू द्या," गोरख म्हणाला. "पण दादा, राखेनं कुठं घासत बसता? माझ्या दोस्ताचा ग्राइंडर हाये. पाच मिंटात चकाचक करतो."

"नगं."

"आवो, बघा तर खरं!"

त्याने बघायला लावलं. ठिणग्या उडाल्या. पोराचा हेतू चांगला होता, पण माझं टोक तापून निळं झालं. पोलाद असं निळं झालं की त्यातला कडकपणा जातो आणि तिथं परत कधी धार टिकत नाही. गोरखला वाटलं, काय सुंदर रंग आला. चिमाजीला त्यातलं काही कळलं नसलं तरी काहीतरी बिघडलं हे कळलं. त्याने मला ओढून घेतलं.

"तुझ्या आईनं कवा मशीन लावली व्हती का त्याला?"

गोरखने ग्राइंडर उचलला. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

त्यानंतर पाऊस आला आणि भाताची आवणी आली. मी मुठीशिवाय, नुसतं पातं, खुंटीच्या पिशवीत पडून राहिलो. आवणी उरकल्यावर चिमाजी मुठीच्या मागे लागला. मूठ म्हणजे लाकडाच्या दोन पातळ चिपा. त्या पात्याच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या आणि पितळेच्या बारीक खिळ्यांनी जोडायच्या. ऐकायला सोपं आहे. आंब्याच्या लाकडाच्या चिपा त्याने केल्या, त्या पावसाळी हवेत वाकल्या. सागाच्या केल्या. खिळ्याचं भोक पाडायला त्याने तापलेली तार घातली, आणि शेवटच्या भोकाला चीप उभी चिरली. दुसरी केली, तीही तिथंच चिरली. त्याने ती अंगणात भिरकावली.

समोरून साळुबाईचा आवाज आला. तिला चिमाजीशी बोलायची बंदी होती, म्हणून ती शेळीशी बोलायची.

"ए शेळे, सांग तुझ्या मालकाला, टोकाच्या इतक्या जवळ भोक पाडल्यावर लाकूड चिरनार न्हाई तर काय गानं म्हननार?"

चिमाजी शेळीलाच म्हणाला, "तुला इचारलं का कुनी?"

पण पुढचं भोक त्याने आत घेतलं, आणि ती चीप टिकली. अशी सागाची एक बाजू तयार झाली. दुसऱ्या बाजूसाठी त्याने जे केलं ते मला आधी आवडलं नाही. वळचणीला अंबाबाईचं जातं पडून होतं. गावात गिरणी आल्यापासून ते बंदच होतं. त्याने त्याचा खुंटा ठोकून बाहेर काढला. बाभळीचा खुंटा, तिच्या मुठीने झिजून मध्ये बारीक झालेला, तेल लावल्यासारखा गुळगुळीत.

"आगं बया शेळे, खुंटाच काढला गं!" साळुबाई ओरडली. "आमच्या दोघींची दळणं झालीत त्याच्यावर!"

चिमाजीने करवत खाली ठेवली. पुष्कळ दिवस ती तशीच राहिली. मग एका सकाळी त्याने खुंटा उभा कापला. दोन्ही बाजू त्याच लाकडाच्या करायच्या असं आता त्याच्या मनात होतं. बाभूळ कठीण. करवत वाकडी गेली. एक चीप चांगली निघाली, दुसरी एका टोकाला कागदासारखी पातळ होऊन मोडली. दुसरा खुंटा आणणार कुठून? चिमाजी तो मोडका तुकडा हातात घेऊन बसला आणि स्वतःलाच शिव्या देत राहिला. शेवटी माझी मूठ एका बाजूने बाभळीची, एका बाजूने सागाची अशी झाली. जुन्या स्टोव्हच्या पितळी पिनेचे खिळे झाले. मी मिटलो, उघडलो. दिसायला मी काही देखणा नव्हतो, पण बाभळीच्या बाजूला अंगठा टेकला की तिथं आधीच जागा झालेली होती.

आता उरली धार. आणि मित्रांनो, इथं माझी सहनशक्ती संपली.

चिमाजीने जन्मभर कोयत्याला धार लावली होती, विळ्याला लावली होती. त्याने मलाही तशीच लावायला घेतली. पाठ उचलून, कडेवर जोर देऊन, खस्स खस्स. मी कोयता नाही! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की माझी पाठ खाली टेकव, फक्त पाठ टेकव. मला तोंड नाही. तो जितका जास्त घासायचा तितका मी बोथट व्हायचो. मग तो मला मनगटावर फिरवून बघायचा, एकही केस निघायचा नाही, आणि तो पुन्हा आणखी जोराने बसायचा. दाढी त्याच्या छातीवर आली होती. वर्षश्राद्ध जवळ येत होतं, आणि त्या दिवशी तरी दाढी काढायचीच असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं.

एकदा साळुबाई शेळीला म्हणाली, "शेळे, ती अशी लावत नव्हती गं धार. सांग की त्येला. ती पाठ..."

चिमाजी उठला आणि त्याने शेळीला दगड मारून हाकललं. साळुबाईचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. मला त्या शेळीचाही राग आला आणि चिमाजीचाही. मला हवी होती ती गोष्ट अंगणापलीकडे बसली होती, आणि मध्ये एका माणसाचा अबोला होता.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. दारात मांडव घातला होता. भटजी आत तयारी करत होते. रामनाथ न्हावी आला. चिमाजीने मला त्याच्या हातात दिलं.

"ह्यानंच."

रामनाथने मला आपल्या हातावर फिरवलं. "बाबा, ह्यानं केस न्हाई, कातडं निघंल."

"मग लाव की धार."

"मला कुठं येतंय? आमी ब्लेड मोडतो, घालतो आन टाकतो. माझ्या बापाला येत व्हतं." त्याने खिशाकडे हात नेला. "नवं ब्लेड हाये बगा. एका मिंटात मोकळं करतो तुमाला."

"मला मोकळं व्हायचं न्हाई," चिमाजी म्हणाला. तो दगड घेऊन सगळ्यांच्या समोर खाली बसला आणि घासायला लागला. पाठ उचलून. खस्स खस्स. गोरख म्हणाला, "दादा, राहू द्या ना आता." कुणी तिकडे बघेना.

तेव्हा बायकांतून साळुबाई उठली. ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"शेळी रानात गेलीया. तवा आता तुमालाच सांगते. पाठ का उचलताय?"

चिमाजीने वर पाहिलं.

"ती कवाच उचलत नव्हती. पाठ टेकवायची, धार टेकवायची, आन भाकरीवरनं हात फिरवावा तसा फिरवायची. वळवायचा तर पाठीवर. मी बघत व्हते की."

"तुमी? तुमी तर नुसती चेष्टा करत व्हता."

"मग? चेष्टा करायची तर नीट बघावं लागतंच की, भावजी."

कुणीतरी हसलं. चिमाजी दगडापासून थोडा बाजूला सरकला.

"बसा," तो म्हणाला.

साळुबाई बसली. तिने मला आडवं ठेवलं. माझी पाठ दगडाला टेकली. वर्षभरात पहिल्यांदा टेकली. तिचा हात अंबाबाईसारखा नव्हता, जड होता, थांबत थांबत चालत होता, पण रीत तीच होती. हळूहळू दगडावरचा माझा आवाज बदलला. खस्स खस्स गेलं आणि बारीक, ओला आवाज यायला लागला. चिमाजीने तो आवाज ओळखला. त्याने डोळे मिटले. या खेपेला त्याच्या तोंडाला साबण नव्हता, तरी तो बोलला नाही.

साळुबाईने मला पट्ट्यावर परजलं आणि त्याच्या हातात दिलं. "धार लावून दिली. तोंडाला माझा हात लागायचा न्हाई. दीर हायसा तुमी. तुमचं तुमी करा."

रामनाथ म्हणाला, "आना, मी करतो." चिमाजीने मानेनंच नको म्हटलं. त्याने साबण लावला, आरशात पाहिलं आणि मला उजव्या गालावर ठेवलं. बाभळीच्या बाजूला त्याचा अंगठा बसला. मी चाललो. खरंच चाललो. लांब पांढरे केस मांडीवर पडायला लागले. दोन ठिकाणी रक्त आलं, पण गाल उघडा झाला.

मग डावा गाल आला. हात उलटा फिरवावा लागतो. कातडी कुठून ताणायची ते त्याला माहीत नव्हतं. त्या गालावर नेहमी तिचीच दोन बोटं असायची. त्याने आपली बोटं हनुवटीखाली लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. माझं निळं टोक केसांत अडकलं. आतून भटजी म्हणाले, "आटपा हो, वेळ चालली." चिमाजीने मला मिटलं आणि तसाच उठून आत गेला. अर्धी दाढी घेऊन तो पाटावर बसला. मांडवात पोरं हसायला लागली. साळुबाई त्यांच्या अंगावर ओरडली, "हसू नगा रं!"

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तूला तेल लावा, कोरडी ठेवा, हे तर करायचंच. पण घरात कुणी रोज एखादं काम करत असेल तर एकदा त्या माणसाशेजारी बसा आणि त्याच्या हाताकडे नीट बघा. तेवढा वेळ रस्त्यावरची बैलजोडी बघू नका. आणि ज्या माणसाने नीट बघितलं असेल त्याच्याशी बोलणं बंद करू नका.

आता मी तेल लावून नव्या डब्यात आहे. तो डबा चिमाजीच्या फळीवर असतो. दगड साळुबाईच्या ओट्यावर असतो. माझं टोक निळंच राहणार. काल सकाळी चिमाजी आरसा घेऊन बसला होता, मला उघडलं आणि परत मिटलं. डावा गाल अजून राहिला आहे.